घर फिरलं तेव्हा

चिलोए बेटावर, ओहोटीच्या चिखलाला लागून
एदुलिया नाउएल्किनचं घर होतं,
माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या अंगभर ल्यालेलं.
स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, खाडीकडे.
त्या खिडकीत ती सतरा वर्षं बसली.
ओनोफ्रेची होडी सापडली होती,
वल्हं सापडलं होतं, एक बूटसुद्धा.
ओनोफ्रे तेवढा यायचा राहिला होता.

मग समुद्रच आला.
दर हिवाळ्यात हातभर.
आधी कुंपण, मग कोंबड्यांचं खुराडं, मग पायरी.
गाव म्हणालं, वर नेऊ.
तिथे घर सोडून जात नाहीत, ओढून नेतात:
खाली ओंडके, पुढे बैल,
आणि दोरांना लटकलेले शेजारीपाजारी.
मजुरी म्हणजे पोटभर मटण
आणि सफरचंदाची आंबट दारू.

ती म्हणाली, न्या.
पण मी उतरणार नाही.

म्हणून ती आतच बसली, चुलीपाशी,
एका हाताने किटलीचं झाकण धरून.
मांजर कपाटावर.
बाहेर एलेउतेरियो बार्रिया बैलांना शिव्या घालत होता,
मध्येच त्यांची माफी मागत होता.
घर कण्हलं. घर निघालं.
आणि एदुलियाने पाहिलं,
खिडकीतला समुद्र
एक-एक वीत मागे सरकतोय.
इतकी वर्षं तिला वाटायचं,
हलायचं असलं तर त्यानेच हलावं.

माथ्यावर वाट वळत होती. पाऊस लागला.
एक बैल गुडघ्यावर बसला तो उठेचना.
जिथे होतं तिथेच घर टेकलं,
पाठ समुद्राकडे, खिडकी डोंगराकडे.
"उद्या फिरवून देतो," एलेउतेरियो म्हणाला,
टोपी पिळत, तिच्याकडे न बघता.

घर फिरलं की वासेही फिरतात,
ही म्हण तिच्या भाषेत नाही.
पण त्या रात्री ती जागीच होती,
वाशांची करकर ऐकत,
आणि समुद्र पाठीमागे,
हाका मारून कंटाळलेल्या माणसासारखा.
ती रडली. किटलीलाही बोलली दोन शब्द.
उजाडेपर्यंत काहीच बदललं नव्हतं.

मग उजाडलं.
त्या खिडकीतून आजवर फक्त संध्याकाळ आत यायची.
आता ऊन सरळ टेबलावर पडलं,
आणि टेबलाच्या कडेला दिसल्या
चाकूने कोरलेल्या बारीक रेघा.
ओनोफ्रे मासळीचे हारे मोजायचा, त्या.
सतरा वर्षं ती त्यांच्यावर कोपर टेकून बसली होती.
तिने मोजल्या. एकतीस.
पुन्हा मोजल्या. बत्तीस.
तिला हसू आलं; तो मोजायला नेहमीच कच्चा.

बैल आले तेव्हा ती दारात उभी होती.
"राहू दे," म्हणाली, "दोन दिवस."
ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

डोंगराच्या उतारावर आता तिचे बटाटे आहेत,
जांभळे, बोटांसारखे वाकडे.
निम्मे कीड खाते. उरलेले ती वाटते,
ज्यांचं घर वर यायचंय त्यांना, बियाण्यासाठी.
सुखी आहेस का, असं विचारलं कुणी
तर ती बटाट्यांचा भाव सांगते.
ऑगस्टच्या नवव्या तारखेला मात्र
खाली जाऊन येते, एकटी, बूट भिजवून.

आणि गावात पुन्हा कुणाचं घर निघालं,
कुणी म्हातारी आतून उतरायला तयार नसली,
की एलेउतेरियो आधी हिलाच बोलावतो.
एदुलिया आत जाते, मोडा ओढून बसते,
समजूत घालत नाही.
घर हलायला लागतं, भांडी वाजायला लागतात,
तेव्हा फक्त एवढंच म्हणते:
"किटलीचं झाकण धर.
आणि खिडकीकडे बघत राहा."